रिळाशेजारचं पांढरं चाक

खुसपटराव हे नाव मंडळाने दिलं होतं खरं, पण कमावलं होतं त्यांनी स्वतःच.

मंडळ म्हणजे जोडखेळांच्या शौकिनांचं. दर रविवारी सकाळी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते भरायचं. जोडखेळ म्हणजे खोक्यात मिळणारा संच: प्लास्टिकच्या पट्ट्या, मूठभर पिना, दातेरी चाकं आणि एक काडेपेटीएवढी मोटर. जोडला की त्याची क्रेन होते, पवनचक्की होते, नाहीतर सरळ जाऊन भिंतीला धडकणारी गाडी होते. खोक्यावर 'वय वर्षे आठ आणि पुढे' असं छापलेलं असतं. मंडळातला सगळ्यात धाकटा सभासद बेचाळीस वर्षांचा होता, त्यामुळे त्या 'आणि पुढे'त सगळी मंडळी ऐसपैस मावत.

आणि मतं म्हणाल तर विचारू नका! दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, मोटर सावकाश चालली पाहिजे, घाई फक्त जाहिरातवाल्यांना असते. बेकरीवाले म्हणायचे, पिवळा रंग एकच असावा, दोन कंपन्यांचे दोन पिवळे शेजारी आले की मला रात्रीचं जेवण जात नाही. ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर होते, ते संच जोडायचेच नाहीत. ते फक्त माहितीपुस्तिका वाचायचे आणि तिच्यातल्या बाणांना गुण द्यायचे.

या सगळ्यांत खुसपटरावांचं मत शेवटचं. ते बोलले की विषय संपला. त्यांची पद्धतच तशी होती. नवा संच आला की ते मोटर बाजूला काढून ठेवत. तिच्या जागी एक हँडल बसवत आणि अख्खं यंत्र आधी हाताने फिरवत. डोळे मिटून, सावकाश, पंचवीस वेळा. "मोटर ही नोकर आहे," ते म्हणायचे. "घरात काय दुखतंय ते नोकराला विचारायचं नसतं, आधी आपण घरात फिरून बघायचं." हँडल कुठे जड लागतं, कुठे खडखडतं, कुठे एखादं चाक नुसतंच मिरवतंय, हे त्यांना बोटांतून कळत असे. मग ते डोळे उघडत आणि खुसपटं काढायला लागत. बॅटरी बदलायला अर्धी क्रेन मोडावी लागते, हा बनवणाऱ्याचा आळस. हूक हलका, त्यामुळे दोरी रिकामी असली की फुगते. स्विच पाठीमागे, म्हणजे डावखुऱ्याने काय करायचं? नाकाने कांदे सोलणारी माणसं पुष्कळ असतात, पण यांचे कांदे खरोखर सोललेले निघायचे.

धंद्याने ते लिफ्टचे मिस्त्री. बत्तीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या डोक्यावर बसून काढली होती, अंधाऱ्या उभ्या बोगद्यात, तारांच्या आणि वंगणाच्या संगतीत. लग्न केलं नाही. मोठ्या बहिणीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहायचे. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. अख्खं आयुष्य लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे तिला आता कुणाचंच बोलणं पुरतं ऐकायची सवय राहिली नव्हती. तिचं भावाच्या छंदाबद्दल एकच मत होतं: "टेबल माझं आहे, जेवायच्या आधी मोकळं कर."

तर दीड वर्षापूर्वी एका कारखान्याची क्रेन बाजारात आली. तांबड्या रंगाची, हातभर उंच, हूक वरखाली करणारी. खुसपटरावांनी तिच्यावर तीन रविवार घालवले आणि कारखान्याला सात पानी पत्र लिहिलं. त्या पत्रातला सगळ्यात तिखट भाग एका चाकाबद्दल होता. दोरी ज्या रिळावर गुंडाळली जाते, त्या रिळाच्या अगदी शेजारी एक पांढरं दातेरी चाक होतं. वजन जास्त झालं की ते चाक आतल्या आत सरकायचं, टक् टक् टक् असा कर्कश आवाज करायचं आणि हूक आहे तिथेच थांबायचा. मोटर बिचारी फिरत राहायची, पण तिचा जोर रिळापर्यंत पोचायचाच नाही. खुसपटरावांनी लिहिलं, 'या मोटरीत एक किलो उचलायची ताकद आहे. आपण ग्राहकाला पाव किलोवर अडवता. हे सरकतं चाक म्हणजे धडधाकट माणसाच्या पायात बेडी. त्यातून हे चाक ठेवायचंच होतं तर मोटरीजवळ ठेवायचं, तिथे लहान चाकाने भागलं असतं. रिळाजवळ ठेवणाऱ्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नसावं. आणि तो आवाज तर असह्य आहे.'

पत्र टाकून ते विसरून गेले. अशी पत्रं त्यांनी पूर्वीही टाकली होती आणि ती सगळी विहिरीत दगड टाकावा तशी गेली होती.

पण या विहिरीतून उत्तर आलं. उत्तरच नव्हे, पाठोपाठ खोकं आलं. क्रेनची नवी आवृत्ती, दुकानांत जाण्याआधी खास त्यांच्यासाठी. सोबत कारखान्याच्या मोठ्या साहेबांची चिठ्ठी: आपल्या सूचना आम्ही सर्वच्या सर्व स्वीकारल्या आहेत, पुढल्या महिन्याच्या एक तारखेला हा संच सर्वत्र विक्रीला जाईल.

खुसपटरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रविवारी त्यांनी मंडळात ती क्रेन मांडली. बॅटरीचा डबा बाहेरून उघडत होता. हूक चांगला वजनदार होता. स्विच बाजूला आला होता. आणि पांढऱ्या चाकाच्या जागी एक घट्ट, काळं, न सरकणारं चाक बसलं होतं. बेकरीवाल्यांनी आणलेलं किलोचं वजन क्रेनने हूं की चूं न करता उचललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी बाणांना दहापैकी नऊ दिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुसपटराव, आज काय काढणार?" आणि खुसपटरावांनी हँडल पंचवीस वेळा फिरवून, डोळे उघडून, आयुष्यात पहिल्यांदाच मान हलवली. काही नाही.

त्याच दिवशी दुपारी ते घडलं.

ताईने डोक्यावरून अंघोळ केली होती. तिचे केस कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र, आणि त्यांचा तिला भारी अभिमान. ते मोकळे सोडून ती खिडकीपाशी वाळवत उभी होती. खुसपटराव टेबलावर क्रेन चालवत होते आणि आपल्याच कर्तबगारीकडे कौतुकाने बघत होते.

"एवढ्या टाळ्या कशासाठी वाजवल्या त्या लोकांनी? बघू तरी," असं म्हणत ताई टेबलावर वाकली.

तिच्या केसांची एक बट रिळावर पडली. रिळाने ती दोरीबरोबर ओढली. एक वेढा, दोन वेढे. ताईचं डोकं खाली यायला लागलं. "अरे, अरे, थांबव!" ती ओरडली. ज्या स्विचच्या जागेबद्दल त्यांनी पानभर लिहिलं होतं, तो स्विच नेमका ताईच्या डोक्याखाली गेला होता. क्रेन उचलावी तर केस आणखी ताणले जात. त्यांचे हात, बत्तीस वर्षांचे मिस्त्रीचे हात, नुसते हवेत तडफडत होते. शेवटी त्यांनी नखांनी डबा उघडून बॅटऱ्या उपटल्या. तोवर ताईचा कान टेबलाला टेकला होता. कात्रीने बट कापावी लागली. कानामागे रुपयाएवढी जागा लाल झाली होती आणि तिथून रक्ताचे बारीक थेंब आले होते.

ताई रडली नाही. ती खुर्चीत बसली, कानामागे ओला रुमाल धरला आणि म्हणाली, "आधीची क्रेन अशी नव्हती रे. तिच्यात माझी ओढणी कितीदा अडकलीय. ती टकटक करायची आणि सोडून द्यायची."

खुसपटरावांनी कपाटावरून जुनी क्रेन काढली. कापलेली बट तिच्या रिळावर ठेवली आणि दुसरं टोक हातात घट्ट धरलं. रीळ फिरलं, केस गुंडाळले गेले, ताण आला, आणि टक् टक् टक्. पांढरं चाक सरकलं. रीळ थांबलं. हातातला एकही केस तुटला नाही.

मग त्यांनी कामाची पिशवी उघडली. लिफ्टचं दार किती जोराने मिटतं ते मोजायचा एक काटा तीत असतो. दर महिन्याला, दर इमारतीत, ते हा काटा दाराला लावत. आणि काट्याने समाधान झालं तरी सही करण्याआधी मिटत्या दारात आपला दंड घालत. दार दंडाला टेकून मागे फिरलं तर सही. ही त्यांच्या धंद्याची रीत होती, त्यांच्या उस्तादाने शिकवलेली: ज्याची सही, त्याचा हात.

तो काटा त्यांनी जुन्या क्रेनच्या दोरीला लावला. टक् टक्. आकडा बघितला. पुन्हा लावला. तोच आकडा. दोरी भिजवून, क्रेन आडवी करून, नव्या बॅटऱ्या घालून, अर्ध्या संपलेल्या घालून. दर वेळी काटा त्याच रेघेवर येऊन उभा राही आणि चाक सरके. मग त्यांनी चाक काढून मोटरीजवळ बसवलं, जसं पत्रात सुचवलं होतं तसं. आता ते सरकलं खरं, पण मधल्या चाकांनी जोर वाढवत वाढवत रिळापाशी आणेपर्यंत काटा तिपटीच्या पुढे गेला होता. म्हणजे मोटर वाचली असती. बोट वाचलं नसतं.

खुसपटराव खुर्चीत मागे टेकले. कुणीतरी, कुठेतरी, हे सगळं आधीच पाहून ठेवलं होतं. केस, ओढणी, करंगळी, वाकून बघणारी माणसं. आणि ते सगळं एका पांढऱ्या चाकात घालून, कुठेही एक अक्षर न लिहिता, खोकं बंद केलं होतं. आपण आयुष्यभर दारांना जे शिकवलं, की अडथळा आला तर मागे सर, तेच या माणसाने दोन रुपयांच्या प्लास्टिकला शिकवलं होतं. आणि आपल्यालाच ते दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भीती, लाज आणि कौतुक अशी तिन्ही एकाच वेळी त्यांच्या छातीत दाटून आली, पण सगळ्यांत मोठं होतं ते कौतुक.

"एक तारखेला ही दुकानांत जाणार," ते शेवटी म्हणाले. "माझ्या पत्रामुळे."

"मग इथे काय बसलायस?" ताई म्हणाली. "आठ दिवस आहेत ना? जा."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून, दोन्ही क्रेन पिशवीत घालून ते निघाले. पाच तासांचा बसचा प्रवास. कारखान्याच्या फाटकावर नाव-गाव लिहून घेतलं आणि त्यांना एका खोलीत बसवलं. काचेच्या कपाटांत सगळे जुने संच मांडलेले होते. एरवी खुसपटरावांनी त्या खोलीतून तीन दिवस पाय काढला नसता. आज त्यांचं लक्ष नव्हतं.

मोठे साहेब तरुण होते, अगत्याचे होते. "अहो, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांना वाचायला दिलं! चहा घेणार ना?" पण खुसपटराव काय म्हणताहेत ते कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं अगत्य हळूहळू ओसरलं. खोकी भरून तयार होती. गाड्या ठरल्या होत्या. "तुमच्या एका पत्रावर आम्ही चाक काढलं, आता तुमच्याच सांगण्यावरून परत बसवायचं? काका, केस कुणाचेही पंख्यातसुद्धा अडकतात. माहितीपुस्तिकेत एक सूचना छापू. केस बांधून खेळावे."

"ते पांढरं चाक कुणी केलं होतं?" खुसपटरावांनी विचारलं. "त्यांना बोलवा. मला बाकी काही नको."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग फोन उचलला.

आल्या त्या साठीच्या बाई होत्या. साचे विभागातल्या. निळा अ‍ॅप्रन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हाताला तेलाचा वास. त्या दाराशीच उभ्या राहिल्या आणि खुसपटरावांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

खुसपटरावांनी जुनी क्रेन टेबलावर ठेवली. "बाई, हे चाक नेमकं याच जोरावर सरकतं. मी काटा लावून बघितलं. हा आकडा तुम्ही कुठून आणलात?"

आता बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काटा लावणारा माणूस त्यांना बहुधा अपेक्षित नव्हता.

"पुस्तकात नव्हता," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस चाकं केली. प्रत्येक थोडं कमीजास्त घट्ट. दोरीत आणि रिळात करंगळी घालून बघायची. पण माझी बोटं साच्यांवर काम करून लाकूड झालेली, मला काय कळणार? आणि लहान मुलाचं बोट कसं घालायचं? तेव्हा माझी आई होती. नव्वदीची. कातडी कागदासारखी. ती म्हणाली, माझं बोट घे, तान्ह्याच्या कातडीला तेच जवळचं. तिला जे चाक लागलं नाही, ते ठेवलं."

"आणि आवाज?" खुसपटरावांचा स्वर एकदम खाली आला होता.

"आवाज बंद करणं सोपं होतं. मुद्दाम ठेवला. मूल खेळत असतं एका खोलीत, आई असते दुसऱ्या खोलीत. काहीतरी अडकलंय हे तिला तिथे कळायला नको?"

खुसपटराव तोंडात बोट घालायचे बाकी राहिले. साहेब मात्र पेन फिरवत होते. "बाई, हे सगळं तुम्ही मागेही सांगितलंत. पण व्यवहार पण बघायला लागतो ना."

"साहेब," खुसपटराव म्हणाले, "आमच्या लिफ्टच्या धंद्यात एक रीत आहे. ज्याची सही, त्याचा हात. मी दाराला सही देतो तेव्हा आधी माझा दंड त्यात घालतो. या नव्या खोक्यावर सही तुमची आहे. तुम्ही फक्त करंगळी घाला. आधी जुनीत घाला."

साहेब हसले. वडीलधाऱ्या माणसाची गंमत म्हणून त्यांनी करंगळी जुन्या क्रेनच्या दोरीत आणि रिळात सरकवली. खुसपटरावांनी स्विच दाबला. दोरी आवळली, आणि टक् टक् टक्. साहेबांनी बोट बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. एक फिकट रेघ, तीही बघता बघता गेली.

मग खुसपटरावांनी नवी क्रेन पुढे सरकवली. किलोचं वजन त्यांनी बेकरीवाल्यांकडून मागून आणलं होतं. ते हुकाला लावलं, स्विच दाबला. क्रेनने वजन सरसर वर नेलं, ते लोखंड वरच्या दांड्याला जाऊन भिडलं, तरी काळं चाक थांबेना. पट्टी वाकली. कट्ट! पट्टी तुटून टेबलावर पडली, आणि रीळ फिरतच राहिलं. खुसपटरावांनी स्विच बंद केला, पिशवीतली दुसरी पट्टी बसवली, वजन काढलं आणि हात जोडावेत इतक्या नम्रपणे म्हणाले, "आता करंगळी."

साहेबांनी हात पुढे केला. बोट दोरीपाशी नेलं. खुसपटरावांचा अंगठा स्विचवर होता. बाहेर कुठेतरी खोकी ढकलल्याचा आवाज येत होता. साहेबांचं बोट दोरीपाशी दोन क्षण थांबलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"अंगठा काढा त्याच्यावरून," ते म्हणाले.

मग त्यांनी फोन उचलला आणि गोदामाला सांगितलं, तांबड्या क्रेनचं एकही खोकं बाहेर पडता कामा नये, साचे विभाग सांगेल तोवर.

बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. वाटेत लांबलचक कामाची खोली लागली. शेकडो लहान चाकं साच्यांतून टपाटप पडत होती, आणि खुसपटराव देवळातून चालावं तसे जपून चालत होते. प्रत्येक चाकामागे कुणीतरी असा विचार केलेला असेल का, हे त्यांच्या डोक्यात घोळत होतं. इतकी वर्षं आपण हँडल फिरवून फक्त यंत्र चाचपलं. ते बनवणारं माणूस आपल्या बोटांना एकदाही लागलं नाही.

फाटकाशी ते थांबले. "बाई, ओ की ठो कळत नाही असं मी तुमच्याबद्दल लिहिलं होतं. मला माफ करा. न समजता लिहिलं मी."

"पत्र माझ्याकडेच आहे," बाई म्हणाल्या. "सात पानं. बारा मुद्दे होते त्यात."

"बारा खुसपटं म्हणा."

"नाही हो." बाईंनी चष्मा काढून अ‍ॅप्रनला पुसला. "अकरा अगदी बरोबर होते. बॅटरीचा डबा, हूक, पिनांची लांबी, सगळं. तीस वर्षांत माझं काम इतक्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं. मी वाचत होते आणि मला रडू येत होतं. ते अकरा मी स्वतः बदलले, आनंदानं. बाराव्यासाठी मात्र आठ महिने भांडले."

"मग ऐकलं का नाही कुणी तुमचं?"

बाईंनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कसं ऐकतील?" त्या म्हणाल्या. "साहेबांनी प्रत्येक वेळी तुमचं पत्र पुढे केलं. म्हणाले, ज्या माणसाचं अकरा वेळा बरोबर आलं, तो बाराव्या वेळी कसा चुकेल?"